पाठीला लागलेला रंग

खेड, जि. रत्नागिरी
९ फेब्रुवारी २०२५

चि. राजश्रीस,
जय भीम.

काल दुपारी तू घरच्या ग्रुपवर फोटो टाकलास आणि खाली लिहिलंस, "सगळ्यांनी प्लीज व्होट करा." मी व्होट केलं नाही, ग्रुप सोडला. मोबाइलवर भांडायला मला जमत नाही. बोटं भलतीकडे पडतात आणि रागाच्या जागी हसरा चेहरा जातो. म्हणून पत्र लिहितेय. तूही पत्रानेच उत्तर दे. फोन केलास तर मी उचलणार नाही.

फोटोत आपल्या नवघरच्या घराची दर्शनी भिंत आहे. तिच्या निळ्यावर तू ब्रशने चार चौकोन ओढलेस आणि प्रत्येकाखाली खडूने नाव लिहिलंस. टेराकोटा. ओली माती. गेरू. चौथं नाव वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मड हाउस! अगं बाई, मातीचं घर? असं नाव डब्यावर छापून लोक विकतात आणि तू ते दुकानातून उचलून आणतेस?

तू या घरात येऊन नऊ वर्षं झाली, म्हणून काही गोष्टी पुन्हा सांगते. हे घर माझ्या बापाने, सीताराम गवंड्याने, स्वतःच्या हाताने बांधलं. आठवडाभर दुसऱ्यांच्या भिंती चढवायच्या आणि रविवारी आपली. अकरा वर्षं लागली. विटा आल्या, पण गिलाव्यापर्यंत ऐपत पोचलीच नाही. मग विटांवर थेट चुना मारला आणि चुन्यात नीळ घातली. तेव्हापासून घर निळं आहे. बाबांनंतर माझ्या दादाने, म्हणजे तुझ्या सासऱ्यांनी, दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी तोच रंग दिला. दादा जाऊन तीन वर्षं झाली, तर लगेच तुम्हाला मातीचे डोहाळे लागले.

आणि बाबांनी लिहून ठेवलंय, अर्धं घर दादाचं, अर्धं माझं. दादाचं प्रितमकडे आलं, माझं माझ्याकडेच आहे. दारात उभं राहिलं की डावी बाजू माझी. मी चाळीस वर्षं खेडला आहे म्हणून ती बाजू काही वाऱ्यावर पडलेली नाही.

चारही चौकोन पुसून टाक.

प्रभावती आत्या


नवघर, भाईंदर पूर्व
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांस,
सविनय जय भीम.

पत्र मिळालं. पोस्टमनसुद्धा दारात थांबून बघत होता की हाताने लिहिलेलं पत्र कुणाचं आलं.

आत्या, मी हाटकेशला मॉड्युलर किचनच्या युनिटमध्ये डिझाइन करते. रोज दहा लोकांना रंग निवडून देते. त्यामुळे दुकानातून दिसला डबा आणि उचलला, असं माझं काम नाही. दीड महिना मी शेड कार्ड घेऊन सकाळ-दुपार-संध्याकाळ भिंतीसमोर उभी राहिलेय. जुन्या विटांच्या घराला मातीकडचेच रंग शोभतात, कारण विटेचा मूळ रंग आत असतो. तो निळ्याखाली गुदमरतोय. खाडीच्या खाऱ्या हवेनं विटांच्या कडा झिजल्यात. चुना दर वर्षी पावसात धुऊन जातो, विटा पाणी पितात आणि आतली भिंत ओली होते. तुमच्या डाव्या बाजूच्या खोलीत कपाटामागे बुरशी आलीय, ती कोण पुसतं? तुम्ही दिवाळीला येता, दोन दिवस राहता, "किती कोंदट वास येतोय गं" म्हणता आणि जाता.

मला प्रायमर मारून बाहेरचा चांगला पेंट लावायचाय. पाच-सात वर्षं बघायला नको. प्रितमला विचारलं तर तो म्हणतो, "तुम्ही दोघी बघून घ्या." तुमच्या घरातल्या पुरुषांना हे वाक्य बरं जमतं.

समोर टॉवर आलाय, बाजूला दुसरा येतोय. त्यांच्या मधे आपलं घर एखाद्या जुन्या ऑफिससारखं दिसतं. नीट रंगवलं तर लोक थांबून बघतील. अशी बैठी विटांची घरं आता नवघरमध्ये राहिलीत किती?

बाकी आजेसासऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण चुन्यात नीळ हा त्यांचा नाइलाज होता, ते तुम्हीच लिहिलंय. नाइलाज पुढे चालवायचा नसतो.

'मड हाउस' मी रद्द केलाय. गेरू पक्का करतेय.

राजश्री


खेड
२३ फेब्रुवारी २०२५

राजश्रीस,
जय भीम.

नाकाने कांदे सोलू नकोस. बुरशी पुसतेस ते उपकार कळले. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात लोकांचं काय काय पुसलंय, त्याची यादी मी कुणाला पाठवली नाही.

तुला वाटतं, म्हातारीला जुनं सोडवत नाही. तसं नाही. तुला एक गोष्ट सांगते. ती मी प्रितमलाही सांगितलेली नाही.

मंडणगडकडच्या आमच्या गावात आमची वाडी खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे होती. वरच्या वाडीतली घरं जांभ्या दगडाची, चुना दिलेली. आमची कुडाची. कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेली आणि वरून गेरूसारखी तांबडी माती फिरवलेली. ती माती कधीच पुरती सुकत नसे. भिंतीला टेकून बसलं की पाठीला तांबडं लागायचं. वरच्या वाडीतल्या पोरांच्या पाठीला पांढरं लागायचं.

शाळेत मधल्या सुट्टीत पाण्याची रांग असायची. आमचे गुरुजी नवीन आले होते, त्यांना पोरं ओळखू येत नव्हती. तोंडाने कुणाची जात विचारणं त्यांना बरं वाटत नसावं. ते नुसतं म्हणायचे, "पाठ वळव." पाठ पांढरी असेल तर हंड्यातलं पाणी. तांबडी असेल तर लांबून ओंजळीत. मी दुसरीत होते. मी रोज वळायचे. आईने दिलेलं फडकं घेऊन शाळेच्या वाटेवर बहीणभाऊ एकमेकांच्या पाठी पुसायचो. तो रंग जात नाही, राजश्री. पसरतो.

म्हणून बाबा गाव सोडून भाईंदरला आले. मिठागराच्या बाजूला झोपडं बांधून राहिले, लोकांच्या इमारती बांधल्या आणि मग वीट वीट करून हे घर उभं केलं. पहिल्यांदा नीळ मारली तेव्हा भिंत अजून ओली होती. बाबा आम्हाला म्हणाले, "टेका पाठी. कुठंही टेका. आता निळं लागंल." दादा आणि मी तेव्हा चांगले मोठे होतो, तरी मुद्दाम टेकलो. आईचं काम वाढलं तरी ती हसत होती.

हा नाइलाज नव्हता. गिलावा परवडला नाही हे खरं, पण रंग त्यांनी निवडला होता. दुकानात तांबडी मातीही होती आणि ती निळीपेक्षा स्वस्त होती.

त्या घराला तू गेरू लावणार? लाव. मी त्या घराची पायरी चढणार नाही. आणि माझ्या अर्ध्याला ब्रश लावलास तर बघच.

प्रभावती


नवघर
५ मार्च २०२५

ती. आत्यांस,
जय भीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्या गुरुजींचं नाव सांगितलं असतंत तर त्यांना शिव्या घातल्या असत्या.

पण ती माती तुमची होती, आत्या. माझी नाही. मी नांदेडला सरकारी क्वार्टर्समध्ये वाढले. वडील वीज मंडळात, भिंती सिमेंटच्या, रंग सरकारी पिवळा. मला गेरू बघून पाण्याची रांग आठवत नाही. मला छान कुंडी आठवते. यात माझा काय गुन्हा? तुम्हाला जे सोसावं लागलं ते आम्हाला सोसायला लागू नये म्हणूनच आजेसासरे इथं आले ना? मग मला माती आवडते याचं तुम्हाला बरं वाटायला हवं.

काम सोमवारी सुरू झालं. स्पष्टच सांगते, पूर्ण दर्शनी भिंत घेतलीय, अर्धी नाही. मधोमध कापून घर रंगवायला तो केक नाही. पेंटरनं पत्र्यानं जुना चुना खरवडला. चाळीस-बेचाळीस वर्षांचे थर होते, कपच्या निघत होत्या. तीन गोण्या भरल्या. महापालिकेच्या गाडीत गेल्या. खालची वीट इतकी सुंदर निघालीय की शेजारची शालू बघायला आली आणि म्हणाली, "अय्या, हे आत होतं होय!"

आता प्रायमर सुकतोय. पुढच्या आठवड्यात गेरूचे दोन हात.

तुम्हाला राग येणार हे माहीत आहे. येऊ दे. इथं राहते मी, पत्ता सांगावा लागतो मला. प्रत्येक कुरियरवाल्याला, रिक्षावाल्याला, शाळेतल्या मुलींच्या आयांना "वो नीला घर, नीला घर" म्हणून मी कंटाळलेय. आपण कोण ते आपल्या भिंतीनं गेटच्या बाहेर उभं राहून सांगायची काही गरज नाही.

राजश्री


खेड
१२ मार्च २०२५

राजश्री,

तीन गोण्या. माझ्या बापाच्या आणि भावाच्या हातचा रंग तू कचऱ्याच्या गाडीत घातलास आणि मला आकडा कळवतेस.

पण ते बाजूला ठेवते. शेवटच्या ओळीत तुझं खरं तोंड उघडं पडलं. विटा गुदमरतात, खारी हवा, कुंडी, शेड कार्ड, सगळं थोतांड. तुला लाज वाटतेय! निळं घर म्हणजे कुणाचं घर हे लोकांना कळतं, आणि ते कळू नये म्हणून तू त्यावर माती फासतेयस. चांगल्या नोकऱ्या लागल्या, पोरगी इंग्रजी शाळेत गेली, समोरच्या टॉवरमधल्या बायकांशी हाय-हॅलो झालं, आता आपण कोण ते झाकायचं. असल्या सुना मी बघितल्यात. आडनाव बदलणारेही बघितलेत.

शाळेतल्या कोणत्या आया? काय म्हणाल्या त्या? धाडस असेल तर लिही. नाहीतर गप बस आणि तुझ्या कुंडीत राहा.

प्रभावती


नवघर
२० मार्च २०२५

आत्या,

लिहिते. प्रितमलाही सांगितलेलं नाही, त्याला वाटतं वर्गातल्या मुलींना ताप आला होता.

सान्वीचा आठवा वाढदिवस, नोव्हेंबर. वर्गातल्या अकरा मुली बोलावल्या. एकेका कार्डावर तिनं स्वतः फुलपाखरं काढली. आपल्या गल्लीत मोबाइलवरचा नकाशा भलतीकडे नेतो, म्हणून मी आयांच्या ग्रुपवर लिहिलं, "नवघर में वो नीला घर, किसी को भी पूछो, बता देगा." मग समोरच्या टॉवरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते ती, सान्वीच्या मैत्रिणीची आई, तिनं लिहिलं, "ओह, वो वाला घर आपका है?" एवढंच. पुढे काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून एकेकीचे मेसेज. एकीचा ट्यूशन. एकीचे पाहुणे. एकीला सर्दी. सगळ्यांच्या शेवटी फुलांचा गुच्छ आणि "सॉरी जी." तुम्हाला हसरा चेहरा चुकून जातो, यांचा चुकून जात नाही.

अकरापैकी कुणी आलं नाही. शालूची दोन पोरं आली आणि प्रितमच्या मित्राचा मुलगा. मी फुगे लावले होते, केबिन रोडवरून मोठा केक आणला होता. सान्वी साडेसहा वाजेपर्यंत गेटवर उभी होती, नवीन फ्रॉक घालून. समोरच्या गॅलरीत तिची मैत्रीण उभी होती, ठणठणीत. हिनं हात केला. तिच्या आईनं तिला आत घेतलं.

केक कापल्यावर सान्वीनं मला विचारलं, "मम्मी, आपलं घर दुसऱ्या कलरचं असतं तर त्या आल्या असत्या?"

काय सांगणार होतात तुम्ही? सांगा ना! तुमच्याकडे तर सगळ्याची उत्तरं आहेत. मी म्हटलं, "नाही गं, कलरचा काय संबंध?" आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन शेड कार्ड आणलं.

तुमची पाठ तांबडी म्हणून तुम्हाला वळवलं. माझ्या पोरीची पाठ निळी आहे म्हणून तिला वळवतात. मग मी ती पुसली तर कुठे चुकलं? तुमच्या आईनंही फडकंच दिलं होतं.

हो, लाज वाटते. आपण कोण आहोत याची नाही. आठ वर्षांच्या पोरीला गेटवर उभं ठेवलं, याची वाटते.

रंग लावून झालाय. पूर्ण भिंत गेरू. सुंदर दिसतेय. पायरी चढू नका, तुमची मर्जी.

राजश्री


नवघर, आपल्याच घरातून
१३ एप्रिल २०२५

राजश्री,

तुम्ही नांदेडला लग्नाला गेल्याचं शालूने फोनवर सांगितलं. किल्लीही तिच्याकडेच होती. काल सकाळी पोचले, आज संध्याकाळी निघते. हे पत्र स्वयंपाकघरातल्या ओट्यावर डब्याखाली ठेवतेय.

तुझं पत्र आलं त्यानंतर चार दिवस अन्न गेलं नाही. त्या बाईला माझ्या हाती दिलं असतंस तर मी तिला चांगलं इंजेक्शन टोचलं असतं. सान्वी गेटवर उभी होती ते वाचून मी एकटी मोठ्याने ओरडले. शेजारचे धावून आले.

पण तुझं चुकलंच. मी लिहिलं होतं की गुरुजी "पाठ वळव" म्हणायचे आणि मी वळायचे. मला आजही राग येतो तो गुरुजींचा कमी आणि माझा जास्त. दुसरीतल्या पोरीचा कसला राग धरायचा म्हणशील. धरते मी. एक दिवस तरी म्हणायचं होतं, "नाही वळणार." त्यांनी फार तर पाणी दिलं नसतं, तसंही ते ओंजळीतच मिळत होतं. आईने फडकं दिलं, कारण तिला दुसरं काही सुचलं नाही. तुला सुचायला हवं होतं. तू शिकलेली आहेस.

म्हणून माझी अर्धी भिंत मी घेतली. मधोमध दोरी धरली. ती दाराच्या चौकटीच्या बरोबर मधून जाते, त्याला मी काय करू? घरच तसं वाटलंय. ड्रममध्ये चुना भिजवला, खदखदून उकळला, गाळला, मूठभर मीठ टाकलं, नीळ टाकली. कुंचा शालूने आणून दिला आणि शिडीही तिनेच धरली, तिला बोल लावू नकोस. सासष्टाव्या वर्षी दोन हात मारलेत. गुडघे बोलतायत. समोरच्या गॅलरीतून एक बाई बघत होती. मीही बघितलं. ती आत गेली.

उजवीकडे तुझी माती आहे, तिला मी हात लावलेला नाही. डावीकडे तू लावू नकोस.

उद्या चौदा एप्रिल. माझ्या अर्ध्यावर दिव्यांची माळ लावून जातेय.

प्रभावती


नवघर
४ मे २०२५

आत्या,
जय भीम. वर 'ती.' लिहीत नाही, तसं वागला नाहीत.

पंधरा तारखेला संध्याकाळी आलो तर रिक्षावालाच आधी म्हणाला, "मॅडम, आपका घर आधा-आधा हो गया." सान्वी हसली आणि मी गेटवर बसकणच मारली. दीड महिना निवडलेल्या रंगाचं तुम्ही सर्कशीतलं तोंड करून ठेवलंत. माझ्या घरात चोरासारख्या शिरलात. शालूशी मी आठ दिवस बोलले नाही.

पेंटरला बोलवून परत गेरू मारणार होते. पण गरजच पडली नाही. पाचव्या दिवशी तुमच्या चुन्याला पापुद्रे सुटले. हात लावला की निळी पूड. वारा आला की ओट्यावर कपच्या. गवंड्याची मुलगी ना तुम्ही? वीट चुना पिते तेव्हा तो धरतो. मी विटेवर प्लास्टिक पेंट चढवला होता, त्यावर चुना काय धरणार? केबिन रोडच्या दुकानदाराला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "बेन, ये तो पहले साल का लडका भी जानता है." खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हटलं, गळू दे आपोआप. मी झाडूही मारला नाही.

मग मागच्या शनिवारी सान्वीला घेऊन गेटवर उभी होते. समोरची ती बाई भाजी घेऊन येत होती. ती थांबली. कधी थांबत नाही. भिंतीकडे बघितलं आणि गोड हसून म्हणाली, "अच्छा है, अपने आप निकल रहा है. नया वाला कलर बहुत डीसेंट लगता है. पहले वाला तो, मतलब, आप समझ रहे हो ना." आणि सान्वीच्या गालाला हात लावून, "इस बार बर्थडे पे सब आएंगे, हां बेटा."

आत्या, मला जे हवं होतं, ज्यासाठी तुमच्याशी तीन महिने भांडले, ते तिनं गेटवर उभं राहून हातात दिलं. आणि मी काय केलं सांगू? मी मान हलवली. म्हटलं, "थँक्यू."

ती गेली. घरात येऊन मी बाथरूमचं दार लावून रडले. मग तोंड धुतलं, पर्स उचलली आणि रिक्षा करून केबिन रोडला गेले. बाहेरचा चांगला निळा घेतला. सगळं शेड कार्ड उलटंपालटं केलं तरी तुमच्यासारखा मिळेना, तेव्हा दुकानदाराला मशीनवर तीनदा मिसळायला लावला. "बेन, ये तो लाउड है," तो म्हणाला. म्हटलं, हवाच आहे.

रविवारी सकाळी मी स्वतः शिडीवर चढले. तुमच्या चुन्याची पूड पत्र्यानं काढली, पॉलिश पेपर मारला, पुसलं, प्रायमर दिला. गुरुवारी एक मेची सुट्टी होती, त्या दिवशी दोन हात दिले. असं रंगवतात भिंत, शिका. प्रितमनं शिडी धरली. त्याला मी सगळं सांगितलं, नोव्हेंबरचंही. तो दुसरा ब्रश घेऊन खालची बाजू करायला लागला.

ती गॅलरीत आली. वरून ओरडली, "अरे, फिर से? किसके लिए?"

मी म्हटलं, "हमारा घर है, हमारा कलर है. और नवंबर में आप मत आना, आपको बुलाएंगे नहीं."

सगळ्या गल्लीनं ऐकलं. सान्वीच्या मैत्रिणीनंही ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत सान्वीजवळ बसली नाही. त्या बाईनं आयांच्या ग्रुपवर काय लिहिलं ते मला माहीत नाही, मला त्यातून काढलंय. सान्वी माझ्यावर चिडलीय. म्हणते, सगळ्या येणार होत्या, तू मोडलंस. मी तिला या खेपेला खरं सांगितलं, निळ्याचं, तुमच्या पाण्याच्या रांगेचं, सगळं. ऐकून ती रडली आणि त्या रात्री माझ्याशी बोलली नाही.

माझी उजवी बाजू गेरूच राहील. आता ती कुणापासून लपायला नाही. मला तो रंग आवडतो, आणि तुम्हाला आवडत नाही म्हणून थोडा जास्तच आवडतो. माझा राग गेलेला नाही. तुमची खोली मी झाडलेली नाही आणि झाडणारही नाही.

पण तुम्ही या. काल सान्वी बोलली. म्हणाली, "मम्मी, तुला सगळं माहीत होतं, तरी तू त्या आंटीला थँक्यू का म्हणालीस?"

तुम्ही रोज वळायचात. तुम्हाला माहीत असेल. येऊन तिला सांगा.

राजश्री